परक्या गावचे म्हातारपण



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक वयस्कर जोडपे मला भेटावयास आले. त्या गृहस्थांचे सारे आयुष्य जहाजाच्या नोकरीत गेले. आता ते निवृत्त आहेत. मुले परदेशी स्थायिक झाली असून घरात दोघेच राहतात. जहाजावरचा त्यांचा एक जुना युरोपियन सोबती निवृत्तीनंतर थायलंड देशात राहावयास गेला आहे. 'तुम्हीही इकडे या. राहणे स्वस्त आहे, माणसे हसतमुख आहेत, समुद्र जवळ आहे,' असे तो वारंवार कळवीत असतो. गृहस्थांच्या मनाने ओढ घेतली होती. बाई मात्र गप्प होत्या. निघता निघता त्यांनी मला एवढेच विचारले, "फादर, तिकडं एखाद्या रात्री मला दुखायला लागलं, तर कुठं दुखतं हे मी कुणाला सांगू? आणि कुठल्या भाषेत सांगू?"

गृहस्थ हसले. मला काही हसू आले नाही. तो प्रश्न मनात घेऊनच गेल्या हिवाळ्यात मी काही दिवस ग्वाल्हेरला गेलो होतो, आणि उत्तराचा काही भाग मला तेथे सापडला. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम थायलंडविषयी थोडेसे. आपले वाडवडील ज्याला सयाम म्हणत, तोच हा देश. 1939 साली त्याने आपले नाव बदलले. तेथील जुन्या राजधानीचे नाव अयुध्या. ते आपल्या अयोध्येवरून पडले. एप्रिलच्या मध्यास तेथे एकमेकांच्या अंगावर पाणी उडवून नववर्ष साजरे करतात. त्या सणाचे नाव 'सोंगक्रान', म्हणजे आपलीच संक्रांत. दोन्ही हात जोडून नमस्कार करावा, उंबऱ्याबाहेर पायताण काढावे, वडीलधाऱ्यांपुढे पाय पसरू नयेत, या चालीरीती आपल्या माणसाला तेथे शिकाव्या लागत नाहीत. युरोपियन माणसाला मात्र त्या नव्याने शिकाव्या लागतात.

निवृत्त परदेशीयांना तेथे राहू देण्यासाठी सरकारने नियम घालून दिले आहेत. वय 50 वर्षे पूर्ण हवे. तेथील बँकेत 8,00,000 बाट ठेवावेत, किंवा महिन्याला 65,000 बाट उत्पन्न असल्याचे दाखवावे. परवानगी एक वर्षाची मिळते आणि दरवर्षी ती वाढवून घ्यावी लागते. दर 90 दिवसांनी आपण कोठे राहतो हे सरकारी कचेरीला कळवावे लागते. या परवान्यावर नोकरी करता येत नाही. परदेशीयाला जमीन आपल्या नावावर सहसा घेता येत नाही. एखाद्याने थाई स्त्रीशी लग्न करून घर बांधले, तर त्याखालची जमीन बहुधा तिच्या नावावर असते. मोठ्या इमारतीतील सदनिका त्याला घेता येते, पण तीही काही मर्यादेतच. दहा-दहा वर्षे राहिलेला माणूसही असा वर्षावर्षाच्या मुदतीने राहत असतो.

भाषेची गोष्ट तर आणखी अवघड. थाई भाषेत शब्द उच्चारण्याचे पाच सूर आहेत. 'मा' हा एकच उच्चार सपाट सुरात काढला तर त्याचा अर्थ 'येणे', उंच सुरात काढला तर 'घोडा', आणि खालून वर चढवीत काढला तर 'कुत्रा'! साठीनंतर कान आणि जीभ यांना इतके वळण लावणे सोपे नाही. म्हणून पुष्कळ परदेशी निवृत्त लोक आपल्याच देशबांधवांच्या बैठकीत दिवस काढतात. बाजारापुरते चार शब्द शिकतात आणि तेवढ्यावर निभावून नेतात. प्रकृती चांगली आहे तोवर ते निभतेही.

गोऱ्या माणसाला तेथे 'फरांग' म्हणतात. आपला 'फिरंगी' हा शब्दही त्याच कुळातला. हिंदुस्थानी माणसाला 'खेक' म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'पाहुणा'. तो कधी साधेपणाने उच्चारला जातो, कधी हेटाळणीनेही. पाहुणा हा शब्द कानाला गोड लागतो खरा. परंतु पाहुण्याला कोणी आपल्या घरचे भांडण सांगत नाही, आणि त्याच्याकडून वाटीभर साखरही मागत नाही. ज्या घरी आपण कधी काही मागितले नाही आणि ज्या घराने आपल्याकडे कधी काही मागितले नाही, त्या घरचे आपण पाहुणेच राहतो.

आता ग्वाल्हेरकडे वळू. किल्ल्याच्या दक्षिणेस जे गाव पसरले आहे, त्याचे नाव लष्कर. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी तेथे आपला तळ दिला. तंबूंच्या जागी घरे उठली, पेठा वसल्या, आणि छावणीचे शहर झाले. फाळके बाजार, चिटणीस की गोठ, शिंदे की छावणी ही तेथील नावे वाचताना आपण चंबळेजवळ आहोत, हे क्षणभर विसरावयास होते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि हिवाळ्यात शेकोटीवाचून करमत नाही. अशा मुलखात दख्खनची माणसे गेली आणि राहिली.

शिंद्यांच्या पदरी खरेखुरे फिरंगीही पुष्कळ होते. त्यांपैकी तिघांच्या म्हातारपणाची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

पहिला बनवा द ब्वान्य. सव्हॉय प्रांतातील शांबेरी गावी 1751 साली जन्मलेला हा सरदार 1784 मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला आणि त्याने त्यांची कवायती फौज उभी केली. 1794 साली महादजी वारले. पुढे 1796 मध्ये अमाप संपत्ती घेऊन हा गृहस्थ युरोपला परतावयास निघाला. 1830 मध्ये तो मरण पावला, तोवर आपल्या गावी त्याने रुग्णालयाला आणि वृद्धांच्या आश्रमाला मोठ्या देणग्या दिल्या. गावाने त्याची आठवण म्हणून चार हत्तींचे कारंजे उभारले. येथवर सारे छान आहे. परंतु त्याने येथून एक हिंदुस्थानी पत्नी बरोबर नेली होती. इंग्लंडात पोचल्यावर त्याने तिला बाजूला सारले आणि 1798 मध्ये एका तरुण फ्रेंच मुलीशी लग्न केले. मुलगाही पुढे बापाकडे गेला. ती बाई हेलेना बेनेट या नावाने ससेक्स परगण्यात हॉरशम गावाच्या आसपास राहिली आणि 1853 साली तेथेच वारली. पन्नासहून अधिक वर्षे ती त्या थंड, परक्या मुलखात होती. तिच्या नवऱ्याच्या स्मरणार्थ लोखंडी हत्ती उभे राहिले. तिच्या रात्री कशा गेल्या असतील, याचा विचार मला आमच्या बाईंच्या प्रश्नाने करावयास लावला.

दुसरा जॉन हेसिंग. हा हॉलंडमधील उत्रेख्त गावचा, जन्म 1739 चा. तोही 1784 मध्येच महादजींच्या सेवेत आला. प्रकृती बिघडल्यावर त्याने रणांगण सोडले, पण देश सोडला नाही. आग्र्याचा किल्ला त्याच्या हवाली होता. 21 जुलै 1803 रोजी तो तेथेच मरण पावला. आग्र्याच्या कॅथलिक दफनभूमीत त्याच्या बायकोमुलांनी तांबड्या दगडाची कबर बांधली. ती दिसते कशी? लहानशा ताजमहालासारखी! हॉलंडचा माणूस, परंतु त्याच्या माणसांनी दुःख दगडात कोरताना येथलाच घाट निवडला. तो कोठला झाला होता, हे याहून स्पष्ट कोणी काय सांगावे?

तिसरे फिलोज घराणे. याचा मूळ पुरुष मायकेल फिलोज इटलीतील नेपल्सकडचा, गरिबीतून वर आलेला. त्याचे नाव आपल्या इतिहासात चांगल्या अर्थाने आलेले नाही. 1797 च्या अखेरीस त्याने नाना फडणिसांना सुरक्षिततेचे वचन दिले, आणि त्याच नानांना कैद केले. परक्याने परक्यासारखेच वागावे, तसा तो वागला. परंतु त्याचे वंशज ग्वाल्हेरला राहिले. त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिंद्यांची चाकरी केली, तेथेच संसार मांडले, आणि त्यांच्यातील काहींनी उर्दू भाषेत कविताही रचल्या. 1874 मध्ये उभा राहिलेला जयविलास राजवाडा बांधला, तो याच घराण्यातील दुसऱ्या मायकेल फिलोज यांनी. त्याच्या दरबार दालनातील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची आहेत. छत ते ओझे पेलेल की नाही, हे पाहण्यासाठी आधी छतावर हत्ती चढवले होते, असे तेथे आवर्जून सांगतात. पहिल्या मायकेलने शब्द मोडला, आणि त्याच्या वंशजाने बांधलेले छत आजही झुंबरे पेलून उभे आहे. विश्वास असाच कमवावा लागतो, आणि कधी कधी त्याला तीन-चार पिढ्या लागतात.

आता तेथील मराठी माणसांचे सांगतो, कारण बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्याकडे मिळाले. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींनी भाषा टाकली नाही. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे तेथेच राहिले आणि 1941 साली तेथेच वारले. 1961 चे मराठी साहित्य संमेलनही ग्वाल्हेरला भरले, आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्षा होत्या. बाजारात मात्र ही सारी मंडळी अस्खलित हिंदी बोलतात.

लष्करातील एका गल्लीत माझे मराठी ऐकून एका आजींनी मला हाक मारली, ओट्यावर बसविले आणि चहा दिला. वय ऐंशीच्या घरात असावे. मी विचारले, "आजी, आपलं गाव कोणतं?" त्या म्हणाल्या, "हेच की! मूळचे आम्ही साताऱ्याकडचे म्हणतात. मी काही ते पाहिलं नाही." मग मी त्यांना आमच्या बाईंचा प्रश्न सांगितला. आजी थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "दुखलं की मी 'आई गं' मराठीतच म्हणते, फादर. पण भिंतीपलीकडची माझी शेजारीण हिंदीवाली आहे. चाळीस वर्षं ती माझं 'आई गं' ऐकते आहे. तिला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ती कंदील घेऊन यायची, आता बॅटरी घेऊन येते."

मी विचारले, "ही ओळख झाली कशी?" आजी हसून म्हणाल्या, "मी नवी नवरी होते. घरात मीठ संपलं होतं. मागायला गेले तिच्या सासूकडे, आणि हिंदी बोलताना असं काही बोलले की सगळं घर हसत सुटलं. तेव्हापासून जाणं-येणं आहे."

वाचकहो, पैसा घर मिळवून देतो, परवाना मिळवून देतो, चांगल्या रुग्णालयाची खाटही मिळवून देतो. ते काही थोडे नव्हे, आणि म्हातारपणी त्याची तरतूद न करता परक्या देशी जाणे हा शुद्ध वेडेपणा होय. पण मध्यरात्री भिंतीपलीकडून जी बॅटरी घेऊन येते, ती एकेकाळी मीठ मागून आणि स्वतःचे हसे करून घेऊन मिळवावी लागते. त्यासाठी चूक करीत का होईना, तेथली भाषा बोलावी लागते. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली इंग्लंडहून गोव्यास आले, तेव्हा त्यांना आपली भाषा कोठे येत होती? पण 1616 मध्ये त्यांचे मराठी क्रिस्तपुराण छापून निघाले, आणि 1619 साली त्यांनी आपल्याच लोकांत डोळे मिटले. मायदेशी ते परत गेले नाहीत.

परत आल्यावर मी त्या जोडप्याला बोलावून हे सर्व सांगितले. जावे की न जावे, हे मी सांगितले नाही. तो निर्णय त्यांचा आहे. एवढेच म्हणालो, की आधी तीन महिने जाऊन पाहा, आणि युरोपियन सोबत्याच्या बैठकीत न बसता थाई शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून पाहा. रात्री कोणाचे दार वाजवता येईल, हे कळले तर पुढचा विचार करा. गृहस्थ विचारात पडले. बाई म्हणाल्या, "म्हणजे मीठ न घेताच जायचं तर!" आणि त्या दिवशी प्रथमच त्या मोकळेपणाने हसल्या.

जाता जाता आपल्यासाठी एक गोष्ट. आपल्याही गावांत परक्या मुलखातून आलेली माणसे म्हातारी होत आहेत. उत्तरेकडून येऊन येथेच राहिलेला सुतार आहे, केरळातून आलेली निवृत्त परिचारिका आहे, भाड्याच्या खोलीत एकटे राहणारे कोणी आहे. आपण त्यांना 'ते बाहेरचे' म्हणतो. त्यांच्यापैकी एकाचे दार या आठवड्यात वाजवा. काही देण्यासाठी नव्हे; काहीतरी मागण्यासाठी. चिमूटभर मीठ मागितले तरी पुरे.

आपला,
धर्मगुरू