हॅकर, क्रॅकर आणि आपली सोवळी मंडळी

कुठे सायबर हल्ला झाला आणि पेपरात 'हॅकर्सचा डल्ला' असं छापून आलं की आमच्या क्षेत्रातल्या काही मंडळींचा पारा चढतो. लगेच मेलामेली सुरू. "हॅकर म्हणजे चोर नव्हे हो! खरा हॅकर म्हणजे हाडाचा प्रोग्रामर. चोराला क्रॅकर म्हणतात. पत्रकारांनी शब्द बाटवला!" ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, तेव्हाही माझ्या ओळखीतल्या दोघातिघांना पैशांपेक्षा शब्दाचीच चिंता जास्त.

मला हे सोवळं अजिबात पटत नाही. कारण ते ज्या इतिहासाचा दाखला देतात, तो इतिहासच त्यांच्या बाजूने नाही!

शब्द अमेरिकेतला, आणि आपल्या अर्थाने तो एमआयटीत रुजला. तिथे 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' नावाचा छोट्या आगगाड्यांचा नाद असलेल्या पोरांचा क्लब. एप्रिल १९५५ च्या त्यांच्या सभेच्या इतिवृत्तात सूचना आहे की वायरिंगवर काम किंवा 'हॅकिंग' करणाऱ्यांनी फ्यूज उडू नये म्हणून आधी वीज बंद करावी. म्हणजे हॅकिंग म्हणजे खुडबुड. इथवर आमची मंडळी खूश. पण पुढचं पान उलटा ना राव! २० नोव्हेंबर १९६३ च्या 'द टेक' या तिथल्याच विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात बातमी आहे की टेलिफोन हॅकर्सच्या उपद्व्यापांमुळे संस्थेला बऱ्याच फोनसेवांना कात्री लावावी लागली. पोरांनी हार्वर्डशी जोडणाऱ्या सगळ्या लाइनी अडवून ठेवल्या होत्या, आणि चक्क पीडीपी-१ कॉम्प्युटर लावून बाहेरची लाइन शोधायचे उद्योग चालले होते.

'वॉरगेम्स' सिनेमा १९८३ चा. त्याच्या वीस वर्षं आधी, शब्दाच्या माहेरीच, हॅकर म्हणजे हुशार आणि उपद्रवी असे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. पत्रकारांनी बाटवला म्हणे!

उलट 'क्रॅकर' हाच मागाहून मुद्दाम पाडलेला शब्द. हॅकर लोकांचीच 'जार्गन फाइल' सांगते की पेपरवाल्यांना उत्तर म्हणून १९८५ च्या सुमारास तो काढला. जानेवारी १९९३ च्या आरएफसी १३९२ मध्ये दोन्हींतला फरक रीतसर लिहूनही ठेवला. कोणी ऐकलं? भाषा आरएफसीवर चालत नाही. आणि मला सांगा, रॉबर्ट मॉरिसला कुठल्या डब्यात टाकणार? २ नोव्हेंबर १९८८ ला याने वर्म सोडून इंटरनेट जाम केलं, गुन्हा सिद्ध झाला. पुढे हेच गृहस्थ एमआयटीत प्राध्यापक आणि वाय कॉम्बिनेटरच्या संस्थापकांपैकी एक! असो.

नुसता शब्दांचा वाद असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण आपल्याकडे हा शब्द थेट कायद्यात शिरला होता. २००० च्या आयटी कायद्यातल्या कलम ६६ चं शीर्षकच 'हॅकिंग'. नुकसान होईल हे माहीत असून कॉम्प्युटरमधल्या माहितीचं मूल्य किंवा उपयोग कमी केला तरी तो गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. २००८ ची दुरुस्ती २००९ मध्ये लागू झाली तेव्हा शब्द गेला आणि 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' ही अट आली. छान झालं. पण कलम ४३ आहेच. मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरलात तर भरपाई द्यावी लागू शकते, आणि 'हेतू चांगला होता हो' अशी सवलत त्यात लिहिलेली नाही. एखाद्या पोराला सरकारी साइटवर भोक सापडलं तर ते कळवायला जाताना त्याचे पाय लटपटणारच. त्याला हॅकर म्हणा, क्रॅकर म्हणा, संत तुकाराम म्हणा, त्याला काय फरक पडतो? मेल लिहायचेच असतील तर या कलमाबद्दल लिहा की!

आणि शब्द कोणी पळवलाच असेल तर तो पत्रकारांनी नाही, कंपन्यांनी. १९९९ मध्ये कॅलगरीला ओपनबीएसडीचे प्रोग्रामर जमले, त्याला त्यांनी हॅकाथॉन म्हटलं. ते आपल्या आवडीच्या, आपल्या स्वतःच्या सिस्टीमवर काम करायला आले होते. २०१२ मध्ये फेसबुक शेअर बाजारात उतरलं तेव्हा झुकरबर्गने गुंतवणूकदारांना 'हॅकर वे' समजावून सांगितला. गुंतवणूकदारांना! तिथून पुढे हा शब्द एचआरच्या हाती लागला आणि शनिवार-रविवार फुकट राबण्याचं नाव हॅकाथॉन झालं. मोबदला पिझ्झा आणि टी-शर्ट. माझ्या एका जुन्या कंपनीत तर फॉर्मवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं की इथे लिहिलेला सगळा कोड कंपनीच्या मालकीचा. वर हॉलभर पोस्टर, 'थिंक लाइक अ हॅकर'.

त्याच कंपनीत डेस्कटॉपचा वॉलपेपर बदलायला आयटी सपोर्टकडे तिकीट टाकावं लागायचं.