अरुंद दारातली गर्दी

शाळा सुटल्याची घंटा झाली की वर्गातली साठ मुलं एकाच दाराकडे धावायची. अंग चोरून एकामागोमाग निघाली तर दोन मिनिटांत वर्ग रिकामा. पण एखादा दारातच अडला, की मागचे त्याच्यावर आदळायचे आणि मग कोणालाच बाहेर पडता यायचं नाही. नोकरीभर हे पाहिलं. आपल्या रक्ताचंही असंच असतं, हे मात्र सत्तरी ओलांडल्यावर कळलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. डॉक्टर पुतणीने समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते.

तांबडी पेशी साधारण ८ मायक्रॉन रुंद, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले आठ. आणि अगदी बारीक केशवाहिन्या ५-६ मायक्रॉनच्या. दारापेक्षा माणूस मोठा! तरीही निरोगी पेशी लवचीक असल्याने दुमडून, एकेक करून पार होते. १९३१ साली फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी तर दाखवलं, की बारीक नळीत रक्त उलट अधिक सहज वाहतं. पेशी मधोमध सरकतात आणि कडेचा पातळ द्रव वंगणाचं काम करतो.

सिकलसेल आजारात हे सगळं बिघडतं. प्राणवायू सोडला की पेशीतल्या हिमोग्लोबिनचे लांब धागे बनतात, पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते आणि अडते. प्रवाह मंदावतो. मागच्या पेशी तिथेच रेंगाळतात, त्यांचाही प्राणवायू संपतो, मग त्याही ताठरतात. एकीमुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी. पुढे रक्त पोचत नाही आणि असह्य वेदना होतात. थंडी वाजली, अंगातलं पाणी कमी झालं, की धोका वाढतो.

हे ऐकताना मला गडचिरोली जिल्ह्यातला सातवीचा एक मुलगा आठवला. "बाई, हाडं दुखून राह्यली," म्हणायचा. तासाला दोनदा पाणी प्यायला नि लघवीला जायची परवानगी मागायचा. मी त्याला कामचुकार म्हटलं, बाकावर उभं केलं. त्याचं निदान पुढे झालं की नाही, मला माहीत नाही. पण त्याची सगळी लक्षणं आता ओळखीची वाटतात. या आजारात मूत्रपिंडांना पाणी नीट राखता येत नाही, म्हणून लघवी जास्त आणि तहानही जास्त. मी त्याला नेमकं पाणीच नाकारत होते!

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७पर्यंत आजार संपवायचा. चांगलंच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे, की तपासणीचं कार्ड मुलाच्या दप्तरात पडून राहिलं आणि वर्गातल्या बाईंना काहीच ठाऊक नसलं, तर अर्धं काम वाया गेलं. गावातलं मूल दिवसाचे पाच-सहा तास डॉक्टरांसमोर नसतं, शिक्षकांसमोर असतं. शिक्षक प्रशिक्षणात यासाठी एक तास तरी राखून ठेवायलाच हवा. बाकावर पाण्याची बाटली, न विचारता लघवीला जायची मुभा, थंडीत स्वेटर, आणि "दुखतंय" म्हटलं की आधी विश्वास. याला खर्च किती येतो?

आमच्या घरातच तीन शिक्षिका आहेत, वाचणाऱ्यांतही काही असतील. तुमच्या वर्गात वारंवार पाणी मागणारं मूल असेल, तर उद्या त्याच्या घरी जाऊन चौकशी करा. मी केली नाही.