वायफाय चालू आहे ना? मग कंप्लेंट क्लोज!

मागच्या आठवड्यात आमच्या गारखेड्यात लाईट गेली, आली, परत गेली. त्या झटक्यात घरचा राऊटर उडाला. दुसऱ्या दिवशी नेट कंपनीचा पोरगा आला, नवा राऊटर लावला, माझ्या मोबाईलवर व्हिडिओ चालवून दाखवला आणि पंधरा मिनिटांत गेला. मी पण खूश.

संध्याकाळी बातमी पाठवायला कॉम्प्युटरसमोर बसलो. वायर लावलेली, पण नेट नाही. गल्लीतल्या ई-सेवा केंद्रवाल्या वहिनींचंही तेच. त्यांचाही राऊटर त्याच झटक्यात गेला होता. मोबाईलवर नेट फुल्ल, पण ज्या कॉम्प्युटरवर दाखल्यांचे अर्ज भरायचे तो बंद. बाहेर चार पोरं कागदपत्रं घेऊन बसलेली. एका पोरीच्या अर्जाची दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. तिचे वडील कन्नडहून रजा टाकून आलेले.

कस्टमर केअरला फोन लावला. उत्तर काय? "सर, वायफाय चालू आहे ना? मग लाईन ओके आहे." पाठोपाठ मेसेज: तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे.

शेवटी औरंगपुऱ्यातल्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन केला. त्याने फोनवरच दहा मिनिटांत दोघांचंही काम केलं. खर्च शून्य. त्याने जे विचारलं ते तुम्हालाही सांगतो, लिहून ठेवा.

१. राऊटरवर वायर खोचली तिथला दिवा लागतो का? नसेल लागत तर वायर किंवा पिन खराब. दुसरी वायर लावून बघा.

२. वायर बरोबर खाचेत आहे का? वेगळ्या रंगाची, 'वॅन' लिहिलेली खाच बाहेरून येणाऱ्या लाईनची असते. कॉम्प्युटर 'लॅन'मध्येच लावायचा.

३. दिवा लागतो पण नेट नाही? आमचा घोळ इथेच होता. जुना राऊटर १९२.१६८.१ या मालिकेतले पत्ते द्यायचा, नवा १९२.१६८.० मधले देतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र जुना पत्ता कोणीतरी कायमचा भरून ठेवलेला. घर बदललं, पत्र जुन्याच पत्त्यावर! सेटिंगमध्ये पत्ता 'ऑटोमॅटिक' केला, नेट सुरू. मोबाईल पत्ता आपोआप घेतो, म्हणून त्याला काही झालं नव्हतं.

४. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळतच नाहीये. दोन्ही बंद करून, आधी राऊटर आणि मग कॉम्प्युटर चालू करा.

५. नेट आहे, पण वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही? वायरीत आठ तारा असतात. १०० ला चार पुरतात, १००० ला आठही लागतात. एखादी तुटली की वेग खाली येतो.

आता मुद्द्याचं. हे त्या पोराला येत नव्हतं का? कदाचित येत असेल. पण दिवसाला किती घरं उरकली यावर हिशोब होत असेल, तर तो वायर तपासत बसणार कशाला? दोष त्याच्या माथी मारून मोकळं होऊ नका. काम 'पूर्ण' झालं हे ठरवतं कोण, हा खरा प्रश्न आहे.

सरकारने ब्रॉडबँडचा किमान वेग ठरवला. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस होता, २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस केला. छान. पण घरात वायरीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत नेट पोहोचलं की नाही, हे बघितल्याशिवाय तक्रार बंद कशी होते? दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, सगळं ऑनलाईन केलंत ना? मग ज्या खिडकीतून गरीब माणूस आत येतो, ती उघडी आहे का हे कोणी बघायचं?

आपणही थोडं शिकू. राऊटर बदलला की वायरीवरचं प्रत्येक यंत्र चालू करून दाखवल्याशिवाय सही देऊ नका. तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा. काम न होताच तक्रार बंद केली तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. हे ट्रायच्या २०१२ च्या नियमांत आहे.

त्या पोरीचा अर्ज रात्री साडेनऊला भरला गेला. रिपेअरवाल्याने फोन उचलला म्हणून. नसता उचलला तर?

तुमच्याकडे काय अनुभव? कमेंटमध्ये लिहा.