डॉक्टर गावात टिकत का नाही?

पारावर चार माणसं जमली, पावसापाण्याचं बोलून झालं, की विषय दवाखान्यावर येतो. "डॉक्टर हायेत कुठं? नर्सबाईच गोळ्या देत्यात." हे गाऱ्हाणं खोटं नाही. पानं लागलं, लेकीच्या कळा सुरू झाल्या, फवारताना औषध अंगात भिनलं, तर पहिली धाव ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडं घ्यायची तिथं रात्री डॉक्टर नसतो, हे तुम्ही आम्ही अनुभवलेलं आहे. सपाट भागात तीस हजार लोकांमागं एक केंद्र, असा सरकारचा दंडक आहे. केंद्राला इमारत असते, पाटी असते. डॉक्टर मात्र बदलीचा अर्ज खिशात घेऊनच हजर होतो.

सरकारचं काय चुकतं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. रिक्त जागा भरणं हे सरकारचंच काम, त्यातून त्याला सुटका नाही. पण आज बोलायचं आहे ते गावाशी. त्यासाठी सोलापूरच्या एका डॉक्टरची हकिगत सांगतो. नाव तुम्ही ऐकलेलं आहे. जुन्या मंडळींनी व्ही. शांतारामांचा १९४६ चा सिनेमाही तंबूत बसून पाहिला असेल. सिनेमानं नाव घरोघरी पोचवलं खरं, पण त्या डॉक्टरनं खेड्यात दिवस कसे काढले याचा विचार आपण फारसा केला नाही.

द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, गिरण्यांच्या सोलापुरात. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती. तेवढ्यात चीनवर जपानची चढाई झाली. चीनचे सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली, काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला हाक दिली, लोकवर्गणी जमली. पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, बंगालचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला त्यांनी मुंबई सोडली, तेव्हा कोटणीसांना अठ्ठावीस पुरी व्हायची होती. तिकडं असतानाच वडील वारल्याची बातमी आली. घरी परतायला कारण रास्त होतं, पण ते परतले नाहीत. बाकीचे चौघे मागंपुढं मायदेशी आले.

हा माणूस कुठल्या मोठ्या इस्पितळात बसला नव्हता. १९३९ च्या सुरुवातीला मंडळी येनानला पोचली आणि पुढं कोटणीस थेट आघाडीच्या मागच्या डोंगराळ मुलखात गेले. तिथं नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा सर्जन काम करून गेला होता. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, त्याचं विष अंगात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये तो गेला. त्याच्या नावानं निघालेल्या इस्पितळाचे पहिले संचालक म्हणून १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांची नेमणूक झाली. संचालक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं केबिन आणि गाडी येते. तिथं इस्पितळ म्हणजे शेतकऱ्यांची मातीची घरं! जपानी फौज जवळ आली की सगळा संसार खेचरांच्या पाठीवर टाकून दुसऱ्या खेड्यात जायचं. औषधांचा कायम दुष्काळ. जखमांवरच्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या. लढाई पेटली की दिवस कुठला, रात्र कुठली, याचा हिशेब राहायचा नाही.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. कोटणीस टिकले ते त्यांच्या मनाच्या ताकदीवर, यात वाद नाही. पण नुसत्या ताकदीवर तीन-चार वर्षं निघत नाहीत. त्या खेड्यांनी त्यांना सांभाळलं. शेतकऱ्यानं आपल्या घरातली गरम झोपायची जागा जखमी माणसाला दिली. गावकरी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन डोंगर चढले. बेथ्यूनच्या काळापासून गावातली माणसं रक्त द्यायला पुढं येत होती. कोटणीसही पाहुण्यासारखे राहिले नाहीत. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले, खेड्यापाड्यातून आलेल्या पोरांना मलमपट्टीपासून शस्त्रक्रियेपर्यंत तयार केलं, त्यांच्यासाठी पुस्तक लिहायला घेतलं. लोकांनी त्यांचं नावही आपल्या तोंडात बसेल असं करून घेतलं, खे तीहुआ. तिथल्याच को छिंगलान या परिचारिका शिक्षिकेशी १९४१ मध्ये लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस गेले. फिट्स येत होत्या, काम सोडलं नव्हतं. वय बत्तीस. आज त्यांची समाधी शिजियाच्वांग शहराच्या हुतात्मा स्मारकात आहे. सोलापुरातही स्मारक आहे.

कुणी म्हणेल, ते युद्ध होतं, पाठीशी पलटण होती, त्याची तुलना आपल्या केंद्राशी कशाला? मान्य आहे. प्रत्येक डॉक्टर कोटणीस होणार नाही, आणि तशी अपेक्षा करणंही बरं नव्हे. पगार घेणाऱ्या माणसाला नोकरी करू द्या, हुतात्मा व्हायला सांगू नका. पण ज्या खेड्यांना धड दोन वेळची भाकर नव्हती त्यांनी परक्या मुलखातला डॉक्टर आपला केला, आणि आपण शंभर किलोमीटरवरून आलेला पोरगा सहा महिने ठेवून घेऊ शकत नाही, हे टोचतं.

आमच्या भागातल्या एका केंद्रावर काही वर्षांपूर्वी एक तरुण डॉक्टर रुजू झाला होता. शेतकऱ्याचाच मुलगा. क्वार्टरचं छत गळत होतं, नळाला पाणी नव्हतं. त्यानं अर्ज केले. ते पंचायतीत फिरले, पंचायत समितीत फिरले. दरम्यान एका पुढाऱ्याच्या चेल्याला खोटं मेडिकल सर्टिफिकेट हवं होतं, ते त्यानं दिलं नाही. महिनाभरात त्याच्याविरुद्ध तक्रार गेली, सह्या गावाच्याच. मग एका रात्री सर्पदंशाचा रोगी उशिरा आणला, आधी मांत्रिकाकडे नेला होता. तो दगावला आणि लोकांनी डॉक्टरची गच्ची धरली. पुढच्या आठवड्यात तो रजेवर गेला, तो आलाच नाही. डॉक्टरवर हात टाकणं २०१० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे खरं. पण कायद्याची भीती घालून माणूस गावात नांदत नसतो.

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, तुमच्या हातात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, गावाला आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती आहे. तिची बैठक प्रोसिडिंगवर होते की खरोखर होते, हे तुम्हीच सांगा. क्वार्टरला पाण्याची लाइन देणं पंचायतीला जड नाही. नर्सबाई आणि आशाताई रात्री-अपरात्री एकट्या जातात, त्यांच्यासोबत एक माणूस द्यायला निधी लागत नाही. आणि शेतकरी मंडळी, डॉक्टरविरुद्धच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद कुणी लिहिला एवढं तरी विचारा. खराच कामचुकार असेल तर ग्रामसभेत, त्याच्या तोंडावर बोला.

त्या केंद्राच्या क्वार्टरमध्ये सध्या कडबा भरलेला आहे. तो कुणाचा, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय तोच घ्या.