शाळा उघडी असताना या

पहिलीच्या मुलाला शाळेत सोडायला अख्खं घर जातं. प्रवेशोत्सव असतो, गुरुजी हातात फूल देतात, फोटो त्याच सकाळी मुंबईला पोचतात. दहावीला घर पुन्हा जागं होतं. क्लास लागतो, टीव्ही बंद होतो, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं जातं. मधली वर्षं, म्हणजे पाचवी-सहावीपासून आठवीपर्यंतची, मात्र कोणाच्याच हिशेबात नसतात. पोरगा मोठा झाला, आपला आपण जातो-येतो, असं म्हणून घर निर्धास्त होतं. मूल शाळेपासून तुटू लागतं ते याच वर्षांत. दहावीला गणितात गेलेल्या मुलाच्या वह्या मागे मागे उलटत न्या, बहुतेक वेळा तो सहावीच्या अपूर्णांकांपाशी अडलेला सापडेल. तेव्हा त्याने कोणाला विचारलं नाही, आणि त्यालाही कोणी विचारलं नाही.

मी हेच वर्ग शिकवले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आई-वडिलांना, नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना आणि मुंबईच्या चाकरमान्यांना माझी एक विनंती आहे. शाळा चालू असताना शाळेत या. पालकसभेला तर याच, पण सभा नसलेल्या एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारीही या.

आधी चाकरमान्यांशी बोलते. तुम्ही गावी येता गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. गणपतीत आपल्याकडच्या शाळांना सुट्टी असते. मे महिन्यात कुलूप असतं. शिमग्यात पालखी वाडीवर आलेली असताना वर्गात कोण बसणार? बाप वर्षातून तीनदा गावी येतो आणि मुलाची शाळा त्याने कधी उघडी पाहिलेलीच नसते. मुलाच्या वर्गशिक्षकांचं नाव विचारलं तर तो बायकोकडे बघतो. रजा मिळत नाही, गाड्यांचं आरक्षण मिळत नाही, हे सगळं खरं आहे. तरीही गणपतीला येताना सुट्टी लागण्याच्या दोन दिवस आधी या आणि त्यातला एक दिवस शाळेला द्या. सातवीतल्या मुलाचा बाप वर्गाच्या दारात उभा राहिला की मूल वरवर लाजतं, पण तो दिवस ते विसरत नाही.

रोजच्या फोनवरही थोडं बदलता येईल. 'अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको, मस्ती करू नको,' एवढं बोलून फोन आईकडे जातो. त्याऐवजी आज बाकावर शेजारी कोण बसलं, खिचडी कशी होती, कोणत्या तासाला काही कळलं नाही, असं विचारा. मूल सुरुवातीला 'काय नाय' एवढंच म्हणेल. विचारत राहा. आठवड्याभराने ते आपणहून सांगू लागतं.

आता शाळेच्या वाटेबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. कागदावरचे तीन किलोमीटर सगळीकडे सारखे असतात. आपल्याकडे ते जुलैत भरलेला पऱ्या, निसरडा साकव, वाढलेलं रान आणि चढणीची पाखाडी यांतून मोजायचे असतात. वाडीवरची शाळा संपली की अकरा वर्षांचं मूल एकदम त्या वाटेला लागतं. मुलींची गळती इथूनच सुरू होते. आधी पावसात चार दिवस चुकतात, मग बुडालेलं समजत नाही, मग शाळाच नको वाटते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण शाळा सुटण्याआधीच गाडी जात असेल तर त्या पासाचा उपयोग काय? शेवटचा तास सोडून धावत जाणारी मुलं मी वर्षानुवर्षं बघितली, आणि शेवटचा तास बहुतेक विज्ञानाचा नाहीतर इंग्रजीचा असायचा. गाडीची वेळ बदलायला ग्रामसभेचा ठराव आणि आगारप्रमुखांकडे एक अर्ज लागतो. गावातल्या चार जणांनी मनावर घेतलं तर हे काम होण्यासारखं आहे.

वाट कठीण म्हणून शिक्षण सोडू नये हे सांगायला आपल्याकडे मोठं उदाहरण आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी मित्रांबरोबर मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. तिथे पोचल्यावर, दाखला जवळ असूनही, 'तू एवढा दिसत नाहीस' म्हणून त्यांना परत पाठवलं. पुढे त्यांनी कोल्हापुरात ती परीक्षा दिली. हाच मुलगा पुढे महर्षी झाला आणि 1958 मध्ये भारतरत्न झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण त्यांनीही असंच सोसावं म्हणून सांगू नका. त्या मुलामागे मुरूडचे सोमण मास्तर होते. गावातल्या एका शिक्षकाने पोरांना वाचनाची गोडी लावली, त्यांच्यावर डोळा ठेवला, म्हणून तो परत आल्यावरही शिकत राहिला. तुमच्या मुलामागे आज कोण आहे, हे मी विचारते आहे.

शाळेत आहेत ते शिक्षक किती आणि कसे काम करतात तेही येऊन बघा. परिपाठ झाला की एक सर सहावीला गणित लिहून देतात आणि सातवीत इतिहास शिकवायला जातात. तेवढ्यात ऑनलाइन माहिती 'आजच्या आज' भरा असा निरोप येतो. तांदळाचा साठा नोंदायचा असतो. निवडणूक आली की मतदार याद्या असतात. 2023 मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी आपल्या जिल्ह्यातून शेकडो शिक्षक एकदम गेले, तेव्हा कित्येक शाळांना शेजारच्या शाळेतून उसने शिक्षक आणावे लागले. कायदा सांगतो की सहावी ते आठवीसाठी दर वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि गणित-विज्ञान, समाजशास्त्र, भाषा या विषयांना शिकवणारे हवेत. हे तुमच्या शाळेत आहे का? नसेल तर ती मागणी शिक्षकांनी करून भागत नाही, त्यांना वरून गप्प बसवता येतं. पालकांना तसं गप्प बसवता येत नाही.

त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायद्यातच आहे. आपल्याकडे होतं काय, की इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि पडवीत बसून सही केली जाते. कृपा करून ही सही करू नका. 'बैठक कधी आहे ते सांगा, मी येते,' असं म्हणा. शिकलेली नाही म्हणून मागे राहू नका. शाळेच्या मोरीला पाणी आहे का, हे बघायला शिक्षण लागत नाही.

पाण्याचं मुद्दाम सांगते, कारण यावर सगळे बोलायला संकोचतात. सहावी-सातवीत मुलींची पाळी सुरू होते. आपल्या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि एप्रिलमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो. पाळीच्या दिवसांत शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी नसलं, कडी नसली, कापड टाकायला जागा नसली, तर मुलगी सकाळी 'पोटात दुखतं' म्हणून घरी राहते. दर महिन्याला असे तीन-चार दिवस गेले की वर्षभरात किती अभ्यास बुडतो याचा हिशेब करा. आयांनो, मुलीला पाळीबद्दल आधी सांगून ठेवा. वर्गात बसल्या जागी घाबरून रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांना घरी कोणी काही सांगितलेलं नसतं. आणि मुलीला बाजूला बसवून तिची शाळा बुडवू नका. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देतात, ती रक्तवाढीची आहे. जेवणानंतर घ्यायची असते. 'कसली गोळी ती, थुंकून टाक,' असं घरून शिकवून पाठवू नका. शंका असेल तर आरोग्य केंद्रात विचारा.

शाळेत यायची सगळ्यात चांगली वेळ जेवणाची सुट्टी. सहावी ते आठवीच्या मुलाला पोषण आहारात दिवसाला दीडशे ग्रॅम धान्य, सातशे कॅलरी आणि वीस ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. वाढण्याआधी अन्नाची चव घ्यायची असते, आणि ती पालकांनीही घ्यावी अशी अपेक्षा आहे. मुलांच्या पंगतीत बसा. स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी दोन शब्द बोला. तुटपुंज्या मानधनात, ओल्या लाकडांनी डोळे चुरचुरत त्या वाडीची पोरं जेवू घालतात, कोणत्या पोराला आमटी लागते आणि कोण दोनदा भात मागतं हे त्यांना पाठ असतं. एखादं मूल घरी जेवून येत नाही, हेही आधी त्यांनाच कळतं. पंगतीत कोण कोणाजवळ बसतं आणि कोण एकटं जेवतं हे तुम्हालाही दिसेल. एकटं बसणारं मूल तुमचं असेल तर शिक्षकांना लगेच सांगा, आणि दुसऱ्याचं असेल तर घरी गेल्यावर आपल्या मुलाला त्याच्याजवळ बसायला सांगा.

ते एकटं मूल कदाचित नेपाळचं असेल. कलमांच्या राखणीला नेपाळहून कुटुंबं येतात, चिऱ्याच्या खाणींवर आणि बांधकामावर कर्नाटकातून येतात. त्यांची पोरं बागेतल्या खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत दिवस काढतात. बागायतदारांनो, तुमच्या गुरख्याच्या मुलाला जवळच्या शाळेत तुम्ही स्वतः घेऊन जा. जन्मदाखला नाही, मागच्या शाळेचा दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. याच रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांना सर्व जातींची मुलं वर्गात सरमिसळ बसावीत म्हणून शाळाशाळांतून फिरावं लागलं होतं. आता पुन्हा कोणा मुलाला मागच्या बाकावर वेगळं बसावं लागू नये.

पैशाची एक गोष्ट नीट लिहून घ्या, कारण ती माहीत नसल्याने हुशार मुलांचं दरवर्षी नुकसान होतं. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल, तर ते बसू शकतं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे 48,000. साधारण सातवीला 55 टक्के गुण लागतात, म्हणून तयारी सातवीतच सुरू करायला हवी. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढावा लागतो, तो शेवटच्या दिवसावर ठेवू नका. शाळेतून कोणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. आणखी एक, आठवीत आता नुसतं वर ढकलत नाहीत. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. 'आठवीपर्यंत कोण नापास करतंय' असं अजूनही म्हणणाऱ्यांनी सावध व्हावं.

मूल शहरातल्या इंग्रजी शाळेत घालावं की गावातल्या मराठी शाळेत ठेवावं, यावर मी कोणाला उपदेश करणार नाही. ज्याच्या त्याच्या घरची ओढाताण ज्याला त्याला माहीत. फक्त निर्णय घेण्याआधी गावची शाळा एक दिवस आत बसून बघा. शेजाऱ्याची गाडी पोराला न्यायला येते म्हणून आपणही, असं करू नका. पट घटला की शिक्षक घटतात, आणि मग उरलेल्या मुलांचे, म्हणजे ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही त्यांचे, हाल होतात.

शेवटचं मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांना. प्रत्येक गावाचं मंडळ आहे, वर्गणी निघते, देवळाचा सभामंडप होतो, नमनाचा खर्च निघतो, क्रिकेटचे सामने भरतात. हे सगळं हवंच. पण महर्षी कर्व्यांनी मुंबईत असताना बाहेर कमावणाऱ्या मुरूडकरांकडून पैसे गोळा करून गावासाठी 'मुरूड फंड' उभारला, आणि त्या प्रयत्नातून मुरूडला इंग्रजी शाळा झाली. चाकरमान्यांनी गावची शाळा चालवण्याची रीत आपल्याच जिल्ह्यातली आहे. तुमच्या शाळेला फार मोठं काही नको असेल. पाण्याची टाकी, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार, कपाटभर गोष्टींची पुस्तकं, पऱ्यावर एक धड साकव, यांतलं काय नाही ते मुख्याध्यापकांना फोन करून विचारा. मंडळाच्या पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर शाळेचा एक विषय घ्या, आणि त्या कामाची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी सोपवूनच सभा उठवा.