मोजण्याआधीच मोडणारा अधिवास

पहिले पाऊस पडले की बदलापूर-अंबरनाथकडे दिव्यांभोवती भुंगेरे आपटू लागतात. मिशीच्या टोकाला पंख्यासारख्या उघडमीट होणाऱ्या पाकळ्या असतील, तर तो बहुधा स्कॅरॅब कुळातला. याच कुळात उसाची मुळे कुरतडणारी हुमणी येते, माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा येतो आणि शेण जमिनीत पुरून तिचा कस वाढवणारे शेणकिडेही येतात. आपण मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. खतखड्ड्यात पांढरी अळी दिसली की हुमणी समजून औषध ओततो. ती अळी फरशीवर ठेवून पाहावी. पाय वर करून पाठीवर सरकू लागली, तर ती फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्याची. ती कुजका पाला खाते, पिकाच्या वाटेला जात नाही.

कीटकशास्त्रज्ञ गिल्बर्ट ॲरो यांनी 1910, 1917 आणि 1931 साली लिहिलेले खंड आजही भारतातल्या या कुळाच्या वर्गीकरणाचा मोठा आधार आहेत. शेणकिड्यांच्या कित्येक जाती वरून सारख्याच दिसतात. नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निवाडा होत नाही. म्हणून नुसता फोटो पुरत नाही. ठिकाण आणि तारीख लिहिलेला नमुना जपावा लागतो.

या पट्ट्यात असे नमुने गोळा करण्याची घाई हवी, कारण इथला अधिवास मोडतो आहे. उल्हासनगर 1949 मध्ये लष्करी छावणीच्या जागेवर वसले आणि दाट होत गेले. कुळगाव-बदलापूर 2011 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात पोचले. गायरानातले शेणकिडे वेगळे, जंगलातले वेगळे. चराई थांबली, माती भरावाखाली गेली की त्यांचा ठावठिकाणा बदलतो. गुरांना दिलेले आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक शेणातून उतरते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारते. शेण जिरवणारे नसले तर काय होते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले: माळांवर शेण साचले, माश्या माजल्या आणि 1960 च्या दशकापासून परदेशी शेणकिडे आणून सोडावे लागले.

उल्हासनगरच्या कडेपासून बदलापूरजवळच्या बारवी धरणाच्या रानापर्यंत ठरावीक ठिकाणी शेणाचे सापळे लावणे स्थानिक महाविद्यालयांना जड नाही. ओळख पटवायला पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे. मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी देताना हाती असलेल्या नोंदी विचारात घेता येतात. त्या नसतील, तर ‘इथे काही नव्हतेच’ हे वाक्य खोडायला आपल्याकडे पुरावा उरणार नाही.