अंधाऱ्या खोलीतले झाड

नारायणगडाचे दर्शन घेऊन परतताना एक गृहस्थ दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, आमचं माळवदाचं घर. माजघर अंधारं. हवा शुद्ध करणारं कोणतं झाड ठेवू?" मी म्हटले, "आधी झरोका उघडा."

१९८९ साली अमेरिकेच्या 'नासा'ने हवाबंद पेट्यांत झाडांची चाचणी घेतली, तेव्हापासून हा समज पसरला. पण घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. चार कुंड्यांपेक्षा उघडी खिडकी कितीतरी जास्त उपयोगाची. दमेकऱ्याने किंवा चुलीच्या धुराने खोकणाऱ्या माउलीने कुंडीच्या भरवशावर राहू नये.

शोभेसाठी झाड जरूर ठेवा. उभ्या, पट्टेरी पानांचे स्नेक प्लांट कमी उजेडात तग धरते. माती पूर्ण वाळल्यावरच पाणी घालावे. मनी प्लांटही चालते. मात्र बाटलीतले पाणी दर आठवड्याला बदला, बाटली आतून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रांगते मूल असेल तर ठिपकेदार पानांचे डिफेनबेकिया नकोच. पान चावले तर जीभ, तोंड सुजते. बाकीची झाडेही मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

खोलीला आधी वारा द्या, मग झाड.